अर्डिसबाईंचा उच्च पगार

मार्च महिन्यातल्या एका मंगळवारी, तळ्यावरचा बर्फ अजून पुरता फुटलासुद्धा नव्हता, तेव्हा अमेरिकेच्या कायद्यानं अर्डिस टोलेफ्सरुड यांना 'उच्च वेतनधारी कर्मचारी' म्हणून जाहीर केलं. अर्डिसबाईंचं वय अठ्ठ्याहत्तर. काम पडदे शिवण्याचं. तेही फक्त शनिवारी!

बातमी आली ती त्यांचा मुलगा नॉरिस याच्या ऑफिसातल्या फोनवर. नॉरिसचा कारखाना बर्फावरच्या मासेमारीच्या खोल्या बनवायचा. मिनेसोटात हिवाळ्यात तळं गोठलं की माणसं आपली छोटीशी लाकडी खोली ओढत बर्फावर नेतात, आत शेगडी पेटवतात, जमिनीत म्हणजे बर्फात भोक पाडतात आणि त्यात गळ सोडून बायकोपासून चार मैलांवर शांत बसतात. या खोल्यांना खिडक्या असतात आणि खिडक्यांना पडदे लागतात. (मासे आत डोकावतात म्हणून नव्हे, शेजारचा डोकावतो म्हणून.) ते पडदे अर्डिसबाई शिवायच्या आणि मध्येमध्ये कामगारांना कॉफी द्यायच्या.

फोनवर होता टायरेल. तो दूर ओमाहाला बसून नॉरिसच्या कारखान्याची निवृत्ती-बचत योजना सांभाळायचा. आवाज इतका गोड की त्यानं मयताची बातमी दिली तरी माणसानं 'थँक्यू' म्हणावं.

"सर, एक छोटीशी गोष्ट. तुमची योजना चाचणीत नापास झाली."

नॉरिस खुर्चीत ताठ झाला. टोलेफ्सरुड घराण्यात आजवर कुणी नापास झालं नव्हतं. एक चुलतभाऊ झाला होता, पण तो विस्कॉन्सिनला राहायचा, त्यामुळे तो धरत नाहीत.

"कसली चाचणी?"

"भेदभावाची, सर."

"भेदभाव? आमच्याकडे? अहो, आम्ही सगळे एकाच किटलीतली कॉफी पितो!"

टायरेलनं समजावलं. मालक नि बडे लोक पगारातला मोठा वाटा बचतीत टाकतात आणि साधे कामगार मागे राहतात, असं होऊ नये म्हणून दरवर्षी दोन्ही गटांचं प्रमाण ताडून बघतात. बड्यांचं फारच वर गेलं तर जास्तीची रक्कम त्यांना परत करायची. आता नॉरिसच्या कारखान्यात बडे कोण? एक स्वतः नॉरिस. तो पगारातला जेमतेम एक टक्का टाकायचा, कारण गेल्या वर्षी छप्पर गळत होतं आणि त्याच्या आदल्या वर्षी बोट आवडली होती.

"आणि दुसऱ्या तुमच्या मातोश्री," टायरेल म्हणाला. "त्या पंधरा टक्के टाकतात. त्यांनीच सरासरी वर नेली. कमाल आहे त्यांची!"

"माझी आई शनिवारी पडदे शिवते हो!"

"हो सर. उच्च वेतनधारी."

"आणि ज्येष्ठांना जास्त भरायची सवलत असते ना काहीतरी?"

"असते. पण तुमच्या योजनेत ती घेतलेलीच नाही. मूळ कागदावर कुणीतरी स्वहस्ते काट मारली आहे. बाजूला लिहिलंय, 'फी वाचली.'"

हे अक्षर कुणाचं ते विचारायची गरज नव्हती. नॉरिसचे वडील देवाघरी जाऊन सहा वर्षं झाली होती, पण त्यांची काटकसर अजून कामावर येत होती.

"मग किती परत करायचे?" नॉरिसनं छातीवर हात ठेवून विचारलं.

"तुम्हाला आठ डॉलर एकसष्ट सेंट. मातोश्रींना तीन डॉलर बावन्न. परत करताना टक्के नाही, भरलेले डॉलर बघतात, सर."

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच! चेक मार्चच्या मध्याआधी निघाले नाहीत तर दंड. दंड डॉलरभर, पण तो भरायचा फॉर्म भरून द्यायला हिशेबनीस दोनशे मागणार. नॉरिस म्हणाला, काढा बाबा चेक, दोन्ही माझ्याकडे पाठवा, आईचा मी देतो.

तीनच दिवसांत दोन जाड पाकिटं आली. आपला चेक नॉरिसनं खिशात घातला. आईच्या पाकिटातलं पत्र मात्र त्यानं वाचलं आणि त्याला घाम फुटला. 'आपण उच्च वेतनधारी कर्मचारी असल्यामुळे आपली बचत मर्यादेबाहेर गेली आहे.'

आता हे समजायला ते गाव समजायला हवं. हॅल्व्हर गावात श्रीमंत असणं हा गुन्हा नाही, पण तसं दिसणं मात्र आहे. तिथे नवी गाडी घेणारा आधी महिनाभर तिच्यावर चिखल चढू देतो. कुणी पदार्थाची तारीफ केली तर करणारी म्हणते, "छे, आज करपलाच जरा." आणि अर्डिसबाई तर या शास्त्रातल्या पंडिता! त्यांनी आयुष्यात कॉफीचा पूर्ण कप कधी मागितला नव्हता. पहिल्यांदा विचारलं की "नको." दुसऱ्यांदा, "उगाच कशाला त्रास." तिसऱ्यांदा, "बरं, अर्धाच." मग तीन कप प्यायच्या. गावात सगळेच असे. तीनदा विचारल्याशिवाय तिथे कुणी बुडणारा माणूस दोरसुद्धा धरत नाही.

अशा बाईच्या हातात हे पत्र कसं द्यायचं?

नॉरिसनं एक युक्ती काढली, आणि ती इतकी वाईट होती की ती त्याला उत्तम वाटली. ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत दर बुधवारी चर्चच्या तळघरात सगळ्या गावाचं सूप-जेवण असायचं. तिथे चारचौघांत दिलं तर आई काही बोलणार नाही! म्हणून त्यानं वाटाण्याच्या सुपाच्या रांगेत उभ्या असलेल्या आईच्या जागेवर, बशीच्या कडेला, ते पाकीट हळूच सरकवलं आणि स्वतः जाऊन लांबच्या टेबलावर पाव खात बसला.

झालं असं की त्या जेवणाला प्रत्येक जण आपापली देणगी पाकिटात घालून बशीशेजारी ठेवतो. आणि टोपली फिरवायचं काम असतं लाव्होन येल या बाईंकडे. लाव्होनबाई म्हणजे अर्डिसबाईंची चाळीस वर्षांची शेजारीण, आणि चर्चच्या पैसे मोजायच्या समितीच्या प्रमुख. त्यांनी पाकीट उचललं, टोपलीत टाकलं, आणि रीतीप्रमाणे मागच्या खोलीत जाऊन उघडलं. यात त्यांचा काही दोष नाही. दोष त्यांच्या चष्म्याचा, तो फार स्वच्छ होता.

लाव्होनबाईंनी ही गोष्ट कुणालाही सांगितली नाही. फक्त पास्टरला सांगितली, कारण तो पास्टर. आपल्या बहिणीला सांगितली, कारण ती बहीण. आणि गोधडी शिवणाऱ्या बायकांना सांगितली, कारण त्या प्रार्थना करतात.

रविवारी प्रार्थनेनंतर अर्डिसबाई नेहमीसारख्या बाह्या सरसावून कप विसळायला गेल्या, तर दोन बायका धावत आल्या.

"अगं अर्डिस, तू कशाला? तू बस हं!"

"मला काय झालंय?"

"काही नाही गं. पण तुझ्यासारखीनं आता…"

वाक्य तिथेच लोंबकळत राहिलं. मग पास्टर आला आणि चर्चच्या बॉयलरबद्दल बोलू लागला. बॉयलर किती जुना आहे, नवा केवढ्याला येतो, देवानं ज्यांना भरभरून दिलंय… अर्डिसबाई आपल्या बारा वर्षांच्या कोटाची गुंडी चाचपत ऐकत होत्या. शेवटी लाव्होनबाईंनी त्यांना कोपऱ्यात घेतलं, पाकीट हातात दिलं आणि प्रेमानं म्हणाल्या, "चुकून आमच्या टोपलीत आलं गं. आणि हे बघ, पगार मोठा असला तर लाजायचं काय त्यात? तुझा बंगला तर तसा साधाच ठेवलायस तू. कौतुक आहे!"

अर्डिसबाईंनी पत्र वाचलं. चेक बघितला. पत्र पुन्हा वाचलं.

"हं," त्या म्हणाल्या. "वेगळंच आहे हो हे."

ज्यांना हॅल्व्हरची भाषा येत नाही त्यांना यात काही वाटणार नाही. पण तिथे 'वेगळंच आहे' याच्यापुढे फक्त पिस्तूल असतं.

शनिवारी त्या कारखान्यात आल्या त्या शिवणयंत्राकडे न जाता थेट नॉरिसच्या ऑफिसात. हातमोजेही काढले नाहीत.

"नॉरिस, मी विचार केला. मी आता यायची नाही शनिवारी. तुलाही माझी अडचणच होते."

आता इथे जरा थांबू या, कारण नॉरिसच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक पुढच्या श्वासात होणार आहे. फोनवर एक ग्राहक खोळंबला होता, टेबलावर टायरेलचे कागद होते, आणि त्याच्या थकलेल्या मेंदूत एक हिशेब चमकून गेला: आई नाही, म्हणजे पंधरा टक्के नाहीत, म्हणजे पुढच्या वर्षी पास!

"बरं," नॉरिस म्हणाला. "तुला जसं बरं वाटेल तसं, आई."

एकदाही 'नको जाऊस' नाही, दुसऱ्यांदा नाही, तिसऱ्यांदा तर नाहीच. पहिल्याच नकाराला या मुलानं होकार दिला! अर्डिसबाई क्षणभर तशाच उभ्या राहिल्या, जणू जिन्याची एक पायरी कमी निघाली. मग म्हणाल्या, "बरं तर," आणि निघून गेल्या. दार त्यांनी इतकं अलगद लावलं की नॉरिसच्या पाठीत कळ आली.

पहिल्या आठवड्यात त्याला काही कळलंच नाही. दुसऱ्या शनिवारी कॉफी फोरमन रसेलनं केली आणि तिच्यात चमचा उभा राहिला. शिवायच्या पडद्यांचं कापड साठत गेलं. एका पोरानं हौसेनं एक पडदा शिवला तो स्वतःच्या बाहीसकट. कामगार काही बोलत नव्हते, पण किटलीकडे बघून असे उसासे टाकायचे की नॉरिसला आपण कुणाचं तरी तेरावं घालतोय असं वाटायला लागलं.

घरची तर त्याहून बिकट अवस्था. रविवारच्या जेवणाला अर्डिसबाई अतिशय सभ्यपणे वागत होत्या. "नॉरिस, बटाटे देतोस का, प्लीज?" म्हणाल्या. प्लीज! पोटच्या पोराला! त्या जाताच नॉरिसची बायको मार्सी कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. ती शाळेत नर्स होती आणि आजार चेहऱ्यावरून ओळखायची.

"काय केलंस तू त्यांना?"

"मी? काही नाही! ती म्हणाली मी येत नाही, मी म्हटलं बरं."

मार्सीच्या हातातली बशी खाली आली. "तू कितीदा विचारलंस?"

"कितीदा म्हणजे?"

"अरे देवा. नॉरिस! त्या जायला नव्हत्या आल्या. त्या 'नको जाऊस' ऐकायला आल्या होत्या! सगळ्या गावानं त्यांना बसून राहायला सांगितलं, कप विसळू दिले नाहीत, आणि तूसुद्धा त्यांना घरी बसवलंस!"

नॉरिसच्या डोळ्यांसमोर ते हातमोजे आले. न काढलेले.

मग त्यानं सल्ले घ्यायला सुरुवात केली, आणि सल्ल्यांच्या बाबतीत हॅल्व्हर गाव फार उदार. रसेल म्हणाला, "मोठा मासा घेऊन जा, बॉस. माशापुढे कुणी चिडत नाही." नॉरिसनं मासा नेला. अर्डिसबाईंनी "कशाला एवढं" म्हणून तो घेतला, साफ केला, तळला आणि डब्यात भरून त्यालाच परत दिला. लाव्होनबाई कुंपणावरून म्हणाल्या, "पगार कमी कर तिचा. म्हणजे गावाचं तोंड बंद होईल." ज्या तोंडांत त्यांचं पहिलं होतं, हे नॉरिस बोलला नाही. पण कल्पना त्याला पटली. त्यानं ओमाहाला फोन लावला.

"टायरेल, मी आईचा पगार निम्मा केला तर ती उच्च वेतनधारी राहणार नाही ना?"

"राहणार, सर."

"वर्षाला एक डॉलर केला तर?"

"तरीही. सर, त्यांच्या पगाराचा याच्याशी संबंधच नाही. कारखाना तुमचा, आणि त्या तुमच्या आई. मालकाची आई कामावर असली की कायदा तिला आपोआप त्या गटात धरतो."

"मग यातून सुटायचा मार्ग काय?"

"त्यांनी तुमची आई नसणं," टायरेल खेदानं म्हणाला. "त्याचा फॉर्म आमच्याकडे नाहीये."

नॉरिसनं कागदावर 'मार्ग' असं लिहिलं आणि त्यावर काट मारली. मग टायरेलनंच विचारलं.

"सर, एक विचारू? हे तुम्ही त्यांना सांगितलंय का?"

नव्हतं सांगितलं. सांगायचं म्हणजे 'तू माझी आई आहेस' असं मोठ्यांदा म्हणायचं, आणि टोलेफ्सरुड पुरुष असलं काही बोलत नाहीत. नॉरिसच्या वडिलांनी अर्डिसबाईंना लग्नाची मागणी घातली ती "तुझं आडनाव लिहायला सोपं आहे, पण बघ बदलायचं असेल तर" अशा शब्दांत.

तरी तो गेला. अर्डिसबाईंच्या स्वयंपाकघरात टेबलावर मीठदाणीखाली तो चेक तसाच पडला होता, कॉफीचा डाग पडलेला. त्यांनी कॉफी विचारली, नॉरिस नको म्हणाला, पुन्हा नको म्हणाला, मग अर्धा कप घेतला. एवढं पार पडल्यावर तो टेबलावरच्या नक्षीकडे बघत म्हणाला, "आई, शनिवारी ये ना परत."

"छे. तुमचं चाललंय की छान."

"नाही चाललं. रसेलची कॉफी डांबरासारखी आहे, पडद्यांचं कापड साठलंय. ये ना."

"उगाच कशाला. लोक म्हणतात बाईला पैशाची हाव सुटलीये."

नॉरिसच्या तोंडून ते एक वाक्य काही केल्या बाहेर येईना. शेवटी त्यानं खिशातून फोन काढला, ओमाहाला लावला, आवाज मोठा केला आणि तो मीठदाणीला टेकवून ठेवला, देवापुढे निरांजन ठेवावं तसा.

"टायरेल, तू मघाशी मला जे सांगितलंस ते आईला सांग."

टायरेलनं सांगितलं. अगदी मायेनं सांगितलं. "मॅडम, तुम्ही वर्षाला एक डॉलर घेतलात तरी तुम्ही उच्चच. ते तुमच्या पगारामुळे नाही. तुम्ही नॉरिस सरांच्या आई आहात म्हणून."

अर्डिसबाई फोनकडे बघत राहिल्या. मग नॉरिसकडे. तो साखरेच्या भांड्याचा अभ्यास करत होता आणि त्याचे कान बिटासारखे लाल झाले होते.

"असा कायदा आहे?"

"आहे, मॅडम."

"अख्ख्या देशात?"

"पन्नासही राज्यांत."

"आणि मेव्हणा? याचा मेव्हणा कारखान्यात लागला तर तोही उच्च?"

"नाही मॅडम. मेव्हणा नाही धरत."

"हं," अर्डिसबाई म्हणाल्या. "विचार करून केलेला दिसतोय कायदा." मग खुर्ची पुढे ओढून त्यांनी फोनच्या जवळ तोंड नेलं. "बरं मला सांग, बाळ, मग माझं चुकलं काय? पैसे का परत आले?"

"चुकलं काही नाही. तुम्ही पंधरा टक्के टाकता. पण कामगारांची सरासरी कमी आहे. काही जण तर काहीच टाकत नाहीत. त्यांनी जरा वाढवलं असतं, तर तुमचा एक सेंटही परत आला नसता."

अर्डिसबाईंच्या चेहऱ्यावर जे उजाडलं ते बघून नॉरिसला उगाचच आपल्या कामगारांची काळजी वाटली.

"काहीच नाही टाकत? कोण कोण?"

"ते मला सांगता येत नाही, मॅडम. गुप्त असतं."

"नको सांगूस. त्यांच्या डब्यांवरून कळतं मला." त्या उठल्या आणि खुंटीवरचा कोट काढून हातात घेऊन उभ्या राहिल्या. नॉरिस बावळटासारखा बघतच होता. "अरे, बघतोस काय? तिसऱ्यांदा विचार की, म्हणजे मला कोट घालता येईल!"

"आज मंगळवार आहे, आई."

"कापड साठलंय म्हणालास ना?"

नॉरिसनं तिसऱ्यांदा विचारलं. फोनमधून टायरेलनं नाक ओढल्याचा आवाज आला, पण तो म्हणाला की ओमाहाला सर्दीची साथ आहे.

पुढच्या शनिवारी हॅल्व्हरच्या इतिहासातली सगळ्यात भयंकर कॉफी वाटली गेली. कॉफी चांगलीच होती. भयंकर होती ती अट. अर्डिसबाई एका हातात किटली आणि दुसऱ्या हातात अर्ज घेऊन एकेका कामगारापुढे उभ्या राहिल्या.

"रसेल, बचतीत किती टाकतोस?"

"मी? म्हणजे… यंदा जरा त्या बर्फावरच्या गाडीचा, स्नोमोबाईलचा हप्ता…"

"म्हातारपणी स्नोमोबाईल खाणार आहेस?"

"नाही, मॅम."

"तुझ्यामुळे सरकारनं माझे पैसे परत पाठवले. चारचौघांत. चर्चमध्ये."

रसेल सव्वासहा फुटांचा गडी, दाढी छातीपर्यंत. त्यानं मुकाट्यानं सही केली आणि मगच त्याचा कप भरला गेला. ज्यानं एक टक्का लिहिला त्याला अर्धा कप. ज्यानं पाच लिहिले त्याला वर लिंबाची वडी. बाही शिवून घेतलेला पोरगा नको म्हणाला. दुसऱ्यांदाही नको म्हणाला. अर्डिसबाईंना ही रीत ठाऊक होतीच. तिसऱ्यांदा त्यांनी फक्त भुवई उचलली. त्यानं आठ टक्के लिहिले.

दुपारी लाव्होनबाई "सहज आले होते" म्हणत डोकावल्या आणि अर्डिसबाईंना कोपऱ्यात ओढून कुजबुजल्या, "काय गं, खरं सांग, आहे का मोठा पगार?"

"मोठाच म्हणायचा," अर्डिसबाई दोरा ओवत म्हणाल्या. "पण मिळवायला वेळ लागला. आधी ओळीनं तेरा तास कळा द्याव्या लागल्या."

लाव्होनबाईंना मुलगे तीन. त्यांनी मनातल्या मनात आपला पगार मोजला असावा, कारण त्या दिवसापासून त्या जरा ताठ चालू लागल्या.

वर्ष गेलं. तळं वितळलं, पुन्हा गोठलं, खोल्या बर्फावर गेल्या, परत आल्या. फेब्रुवारीच्या शेवटी टायरेलचा फोन आला तेव्हा नॉरिस उभा राहूनच बोलला.

"सर, पास! नुसती पास नाही, दणदणीत पास! कामगारांची सरासरी बघून आमच्या साहेबांनी आकडे दोनदा तपासले. तिकडे काय केलंत तुम्ही?"

"कॉफी," नॉरिस म्हणाला, आणि धावतच शिवणयंत्राकडे गेला. "आई! पास झालो! एकही चेक परत यायचा नाही!"

कामगारांनी टाळ्या पिटल्या. रसेलनं हातोडीनं पत्रा वाजवला. अर्डिसबाईंचं यंत्र मात्र थांबलं. त्यांनी कापडाची सुरकुती हातानं सपाट केली, मग पुन्हा एकदा सपाट केली.

"छान झालं," त्या म्हणाल्या. "म्हणजे यंदा ते पत्र नाही येणार?"

"नाही! सुटलो!"

"हं. म्हणजे मी आता ती नाही. ती उच्च वगैरे."

नॉरिसनं इकडेतिकडे बघितलं. फोन ऑफिसातच राहिला होता आणि टायरेल ओमाहाला होता. आजूबाजूला बारा कामगार कान टवकारून उभे होते. त्याचे कान तापायला लागले, आधी डावा, मग उजवा.

"ते पास-नापासवर नसतं, आई," तो पडद्याकडे बघत म्हणाला, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यांदा. "तू माझी आई आहेस ना. ते सुटत नाही."

अर्डिसबाईंनी चष्मा काढून पुसला.

"बरं," त्या म्हणाल्या. पहिल्याच वेळी.